जुनी लिव्हर रायफल: पारखायची कशी आणि चालवायची कशी

विंचेस्टर कंपनीची १८९२ च्या घडणीची लिव्हर रायफल मी पहिल्यांदा हातात घेतली ती एका गन शोमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात. काळंनिळं पॉलिश चकाकत होतं, अक्रोडाचा दस्ता गुळगुळीत होता, लिव्हर लोण्यातून फिरल्यासारखी फिरत होती. घरी आणून खिडकीपाशी उन्हात धरली तेव्हा खरं दिसलं. नळीवरच्या अक्षरांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. स्क्रूंच्या खाचा फाटल्या होत्या. आणि दस्त्याचं लाकूड जिथे लोखंडाला मिळतं तिथे लोखंड केसभर वर आलं होतं, म्हणजे लाकूड पॉलिशपेपरने खाली उतरवलं होतं. कुणीतरी ती रायफल यंत्रावर घासून ‘नवी’ केली होती आणि मी पैसे मोजले होते ते त्या चकाकीचे.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. जुनी रायफल उन्हात वाचल्याशिवाय घ्यायची नाही, आणि नळी मोजल्याशिवाय तिच्यातून एकही गोळी झाडायची नाही. पुढे जे लिहितो आहे ते या दोन नियमांचंच सविस्तर रूप आहे. मी युटामध्ये राहतो. इथून जवळच ऑग्डेन गावात बंदुकांचे रचनाकार जॉन ब्राउनिंगने आपल्या कारखान्यात १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ या चारही विंचेस्टरांचे आराखडे घडवले. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी घरचाच झाला आहे.

आधी कायदा, कारण इथे चूक महागात पडते

अमेरिकेत ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर परवानाधारक दुकानातून खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरून आणि पार्श्वभूमी तपासून रायफल घेता येते. आपली बरीच मंडळी एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असतात. त्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायला सरसकट मनाई आहे, काडतुसांनाही तीच मनाई. वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक ठळक अपवाद. व्हिसावर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय मित्राच्या रायफलीलाही हात लावू नका. एका चुकीने तुमचं इथलं राहणंच धोक्यात येईल.

१८९८ च्या अखेरपर्यंत बनलेली रायफल संघराज्याच्या कायद्यात ‘अँटिक’ ठरते आणि १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टच्या बंदुकीच्या व्याख्येत बसत नाही. ३१ डिसेंबर १८९८ ही तारीख म्हणूनच संग्राहकांच्या तोंडात असते. राज्यांचे कायदे मात्र वेगळे असू शकतात, ते स्वतः पाहा. ५० वर्षांहून जुन्या बंदुका जमवणाऱ्यांसाठी ‘क्युरिओ अँड रेलिक’ परवाना असतो. तीन वर्षांची फी ३० डॉलर. दुसऱ्या राज्यातली जुनी रायफल थेट मागवायची असेल तर तो फार उपयोगी पडतो. व्यवहारांची नोंदवही ठेवणं मात्र बंधनकारक आहे.

भारतातल्या वाचकांना १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला सहसा दोनच बंदुका ठेवता येतात. अमेरिकेतून भेट म्हणून रायफल, तिचा भाग किंवा आठवण म्हणून खिशात राहिलेलं एखादं काडतूसही नेऊ नका. विमानतळावर त्याचा गुन्हा होतो.

कोणती रायफल

लिव्हर रायफलीची गंमत एका वाक्यात सांगता येते: चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि घोडा चढतो, कडी वर आणली की नवं काडतूस नळीत जातं. पण आतलं कुलूप प्रत्येक घडणीत वेगळं आहे, आणि तुमची रायफल किती दाब सोसेल हे ते कुलूपच ठरवतं.

१८६० ची हेन्री, १८६६ ची पितळी रिसीव्हरची (आतली यंत्रणा बसते ती चौकट) ‘यलो बॉय’, १८७३ आणि १८७६ या चौघींत टॉगल-लिंक आहे. आपला गुडघा ताठ असला की अख्ख्या शरीराचा भार पेलतो आणि जरा वाकला की लगेच लचकतो, तसंच हे. दोन सांध्यांच्या पट्ट्या सरळ रेषेत आल्या की बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, अडतो. हालचाल इतकी रेशमी की १८७३ चालवणाऱ्याला दुसरी रायफल खडबडीत वाटते. ताकद मात्र बेताची. हिच्यात कमी दाबाची काडतुसं सोडून दुसरं काही घालायचं नाही.

ब्राउनिंगने १८८६ मध्ये बोल्टच्या दोन्ही बाजूंना उभी सरकणारी पोलादी कुलपं बसवली आणि ४५-७० सारखं दांडगं काडतूस लिव्हर रायफलीत आलं. तीच रचना लहान करून १८९२ झाली. तिच्या दहा लाखांवर प्रती निघाल्या. १८९४ तर सत्तर लाखांच्या वर गेली. तिच्यासाठी १८९५ मध्ये आलेलं ३०-३० हे अमेरिकेत धूरविरहित दारूसाठी बाजारात आलेलं पहिलं लहान व्यासाचं शिकारी काडतूस. १८९५ या घडणीत नळीखालच्या नळकांडी मॅगझिनऐवजी (काडतुसांच्या साठ्याऐवजी) खाली पेटी आहे. पहिल्या महायुद्धात रशियाने अशा सुमारे २,९३,००० रायफली घेतल्या.

मार्लिन या दुसऱ्या कंपनीच्या रायफलीचा रिसीव्हर वरून बंद असतो आणि पुंगळी उजवीकडून पडते. १८९३ आणि १८९४ या तिच्या घडणी विंचेस्टरच्या मानाने अजून परवडतात. सॅव्हेज कंपनीची १८९९ ही मला सगळ्यात हुशार वाटते. बाहेर घोडाच दिसत नाही, आत फिरतं मॅगझिन आहे, आणि पुष्कळ नगांवर डाव्या बाजूच्या छोट्या खिडकीत पितळी आकडा शिल्लक काडतुसं दाखवतो.

नव्या माणसाला माझा सल्ला असा: पहिली रायफल १९६४ पूर्वीची विंचेस्टर ९४, ३०-३० मध्ये घ्या. १९६४ मध्ये कंपनीने खर्च कमी करण्यासाठी घडण बदलली आणि पूर्वी पोलादातून कोरून काढलेले काही भाग पत्र्याचे झाले. म्हणून ‘प्री-६४’ला मागणी. ती भरपूर मिळते, काडतुसं कुठेही मिळतात आणि चुकलात तरी नुकसान मर्यादित राहतं. १८७३ चा ध्यास असेल तर आधी उबेर्ती या इटालियन कंपनीची प्रतिकृती घेऊन वर्षभर चालवा. हात बसला की मग मूळ शोधा.

उन्हात वाचणं

विक्रेत्याची परवानगी घ्या आणि रायफल रिकामी आहे याची खात्री करा. लिव्हर पूर्ण उघडा आणि नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खणात, म्हणजे चेंबरमध्ये, करंगळी घालून चाचपा. नळकांडी मॅगझिनमध्ये एखादं काडतूस अडकून वर्षानुवर्षं राहू शकतं, म्हणून चार-पाच वेळा लिव्हर फिरवा आणि मॅगझिनच्या आतली दट्टी डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबा.

मग दारात किंवा बाहेर नेऊन बघायला लागा. आधी अक्षरं. मूळ ठशांच्या कडा धारदार असतात, बोटाच्या नखाला लागतात. घासलेल्या रायफलीत त्या गोल होतात, आणि अष्टकोनी नळीची धारही साबणाच्या वडीसारखी होते. मग स्क्रू. शंभर वर्षांत एखादा उघडला असेल तर खाच थोडी दबते, ते चालतं. सगळ्याच खाचा फाटल्या असतील तर अनाडी हात आत गेले आहेत. मग लाकूड. नव्या रायफलीत लाकूड लोखंडापेक्षा किंचित उंच असे. ते खाली गेलं असेल तर दस्ता घासला आहे.

रिसीव्हरवरचं निळं पॉलिश हाताच्या घामाने तपकिरी-करडं होतं. संग्राहक त्याला पॅटिना म्हणतात आणि त्याचे पैसे देतात. सगळीकडे सारखाच गडद निळा आणि खाली जुन्या गंजाचे खड्डे दिसले तर पॉलिश नंतरचं समजा. गंज आधी लागतो आणि खड्डे पडतात. खड्ड्याच्या तळातही निळा रंग असेल तर तो नंतर चढवलेला.

सिरियल नंबर १८७३, १८७६ आणि १८८६ वर दस्त्याच्या मुठीखाली, खालच्या टँगवर (रिसीव्हरच्या मागे निघणाऱ्या पट्टीवर) असतो; १८९२ आणि १८९४ वर तो रिसीव्हरच्या खालच्या अंगाला असतो. १८७३ मध्ये काडतूस उचलणारा पितळी ठोकळा उलटा करून पाहा, त्याच्या खालच्या अंगावर बहुधा कॅलिबर (काडतुसाचं माप) कोरलेलं असतं. ते नळीवरच्या खुणेशी जुळलं पाहिजे. अंडाकृतीत डब्ल्यूपी हा विंचेस्टरचा प्रूफ (चाचणीचा) ठसा १९०५ च्या सुमाराला सुरू झाला. १८९० च्या रायफलीच्या नळीवर तो दिसला तर नळी बदललेली असण्याची किंवा रायफल कारखान्यात परत गेलेली असण्याची शक्यता मोठी. नळीची लांबीही मोजा. १८७३ आणि १८९२ ची नेहमीची रायफल २४ इंच, कार्बाइन (आखूड रायफल) २० इंच. कापून आखूड केलेल्या नळीची माशी बहुधा पुन्हा बसवलेली असते आणि तोंडाची गोलाई कारखान्याची दिसत नाही.

आता आतला भाग. १८७३ च्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच आरपार स्क्रूवर असतात. मालकाने काढू दिल्या तर टॉगलचे सांधे उघडे दिसतात. लिव्हर बंद असताना ते सरळ रेषेत हवेत, आणि बोल्ट बोटाने मागेपुढे ढकलला तर खडखडता कामा नये. १८८६ आणि १८९२ मध्ये लिव्हर मिटली की कुलपं वरपर्यंत येऊन बोल्टच्या पाठीशी समतल व्हायला हवीत. घोडा अर्ध्यावर चढवा आणि चाप हलका दाबा. घोडा पडला तर अर्ध्या चढाची खाच तुटली आहे. अशी रायफल दुरुस्तीशिवाय चालवण्याच्या लायकीची नाही.

नळीत लहान टॉर्च टाकून आटे बघा. काळ्या दारूच्या काळातल्या नळ्या क्वचितच आरशासारख्या असतात. थोडा काळसर डाग, विरळ खड्डे असलेली नळीही शिशाची गोळी चांगली मारते. नळीत कुठे अंगठीसारखा कडा उमटलेला दिसला तर तिथे कधी तरी गोळी अडकली आणि मागून दुसरी सुटली. ती सोडून द्या.

कागदावरची ओळख

वायोमिंगमधल्या कोडी गावी बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टच्या आत कोडी फायरआर्म्स म्युझियम आहे. विंचेस्टरच्या मूळ कारखाना-नोंदवह्या तिथे आहेत आणि जुन्या सिरियल नंबरांसाठी फी घेऊन ते ‘फॅक्टरी लेटर’ देतात: कोणतं कॅलिबर, कोणती नळी, गोदामात कधी आली, बाहेर कधी पडली. सगळ्या घडणींच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी टिकलेल्या नाहीत, म्हणून आधी आपला नंबर त्या पल्ल्यात येतो का ते विचारा. महाग रायफल पत्राशिवाय घेऊ नका. १८७३ मध्ये ‘वन ऑफ वन थाउजंड’ म्हणून खास नळीच्या दीडशेच्याही आत रायफली निघाल्या, आणि बनावट खुणा कोरलेल्या बाजारात फिरतात. पत्राने खोटं लगेच उघडं पडतं.

या संग्रहालयाने केलेलं एक काम इथे सांगितलंच पाहिजे. नोव्हेंबर २०१४ मध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्व पथकाला एका जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली विंचेस्टर १८७३ सापडली. कॅलिबर ४४-४०, बनलेली १८८२ मध्ये. दस्त्याचं बूड मातीत रुतलेलं, लाकूड झाडाच्या सालीसारखं करडं आणि भेगाळलेलं. कोडीच्या तज्ज्ञांनी तिला घासलं नाही, तेलात बुडवलं नाही. लाकडाच्या सुटणाऱ्या चिरा चिकटद्रव्याने धरून ठेवल्या. तपासताना दस्त्याच्या पोकळ खणात एक काडतूस मिळालं. जसं सापडलं तसं राखणं याला म्हणतात. तुमच्या हातातल्या रायफलीचा गंज पुसायचा मोह झाला की त्या झाडाखालची रायफल आठवा. फक्त पसरणारा ताजा तांबडा गंज तेल आणि मऊ कापडाने थांबवायचा. घट्ट बसलेला तपकिरी थर तसाच राहू द्यायचा.

नळी मोजणं

घेतलीत, पसंत पडली, आता चालवायची. बंदूकतज्ज्ञाकडून हेडस्पेसची (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणाऱ्या जागेची) गो आणि नो-गो गेज लावून घ्या. हे काम स्वतः करायचं नाही. पुढचं मात्र घरी जमतं.

जुन्या नळ्या कागदावरच्या मापाच्या नसतात. ४४-४० साठी आट्यांच्या तळाचं माप ०.४२७ इंच धरतात, पण जुन्या नळ्या त्याहून सैल-घट्ट निघतात. सैल नळीत लहान गोळी गेली तर मागून गरम वायू कडेने निसटतो, गोळी वितळल्यासारखी होऊन नळीला शिसं चिकटतं आणि नेम पसरतो. म्हणून ‘स्लगिंग’ करायचं.

रायफल पुन्हा तपासून रिकामी करा, लिव्हर उघडी ठेवा. नळीत हलकं तेल फिरवा. नळीपेक्षा किंचित मोठी मऊ शिशाची गोळी नळीच्या तोंडावर ठेवून लाकडी मोगरीने हळूच आत ठोका. मग पितळी गजाने एकाच जोराने मागपर्यंत ढकला. गज लोखंडी नको. गोळी एखाद्या ठिकाणी सहज सरकली तर नळी तिथे फुगलेली आहे, एखाद्या ठिकाणी अडली तर आकसलेली. ही गोष्ट टॉर्चने कळत नाही, फक्त हाताला कळते. बाहेर आलेल्या गोळीवर आट्यांचे ठसे उमटलेले असतात. उंच भागावर मायक्रोमीटर लावून माप घ्या.

माझ्या १८७३ चं माप ०.४२९ आलं. शिशाची गोळी नळीपेक्षा एक-दोन सहस्रांश इंच मोठी हवी, म्हणजे ०.४३० किंवा ०.४३१. पण मोठी गोळी बसवलेलं काडतूस चेंबरमध्ये जाईल का, हे वेगळं पाहावं लागतं. बिनदारूचं, बिनप्रायमरचं (बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीशिवायचं) नमुना काडतूस करून बघा. जोर लावावा लागला तर गोळी बदला.

काडतूस

नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकतं. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने पुढचं काडतूस मॅगझिनमध्येच फुटू शकतं. म्हणून अशा रायफलीत फक्त चपट्या तोंडाच्या गोळ्या. सॅव्हेजच्या फिरत्या मॅगझिनला ही अडचण नव्हती, म्हणून १९१५ मध्ये सेकंदाला ३००० फूट वेगाचं २५०-३००० तिच्यासाठी निघालं.

१८७३ मध्ये काडतुसाच्या लांबीलाही महत्त्व आहे. पितळी ठोकळ्यात एकच काडतूस मावेल इतकीच जागा असते. काडतूस फार लांब असेल तर ते मावत नाही, फार आखूड असेल तर पुढच्याची कड आत घुसते, आणि दोन्ही वेळा लिव्हर अडकते. ४४-४० ची पूर्ण लांबी १.५९२ इंचांच्या वर जाऊ देऊ नका.

दारू कोणती? १८९० च्या आधीची रायफल असेल तर मी काळीच दारू वापरतो. मूळ ४४-४० मध्ये ४० ग्रेन (वजनाचं बारीक माप) काळी दारू आणि २०० ग्रेनची गोळी असे. काळी दारू भरताना गोळी आणि दारू यांत पोकळी ठेवायची नाही. धूरविरहित दारू वापरायची तर छापील पुस्तकात तुमच्या घडणीसाठी दिलेलाच भार, त्याहून जास्त कणभरही नाही. ४४-४० च्या डब्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेलं जुनं काडतूस १८९२ साठी होतं, १८७३ साठी नव्हे. ‘निकेल स्टील बॅरल, एस्पेशली फॉर स्मोकलेस पावडर’ असा ठसा नळीवर आहे का, हे १८९४ घेताना जरूर बघा. ३२-४० आणि ३८-५५ च्या सुरुवातीच्या नळ्या साध्या पोलादाच्या आहेत. आजोळी कोकणात शेतसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती. दारूच्या बाबतीत अंदाजाने काही करायचं नाही ही शिस्त तिथलीच.

पहिला बार

पहिल्या दिवशी एका वेळी एकच काडतूस भरा. टेकूवर रायफल ठेवा, चष्मा आणि कानाला संरक्षण घाला. पहिली पुंगळी उचलून उन्हात बघा. प्रायमर मागे सरकलाय? बुडाजवळ चमकदार वर्तुळ किंवा चीर आहे? काहीही दिसलं तर त्या दिवशी पुढचा बार नाही, रायफल परत तज्ज्ञाकडे. तीन-चार पुंगळ्या स्वच्छ निघाल्या की मॅगझिन भरायला हरकत नाही.

भरताना प्रत्येक काडतूस पूर्ण आत सोडू नका. त्याची कड जराशी बाहेर राहू द्या आणि पुढच्या काडतुसाने ते आत ढकला. झडपेची धार अंगठ्याला लागत नाही. लिव्हर शेवटच्या टोकापर्यंत, ठामपणे मारा. अर्धवट ओढणं हेच अडकण्याचं पहिलं कारण.

जुन्या रायफलींच्या दस्त्याच्या बुडाला चंद्रकोरीच्या आकाराची लोखंडी पट्टी असते. ती खांद्याच्या खळग्यात टेकवली की टोकं बोचतात आणि माणसं म्हणतात, जुन्या रायफली मारतात. ती कोर दंडाच्या वरच्या भागावर, खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बसवायची असते. लक्ष्याला बाजू देऊन उभे राहा, कोपर वर उचला, कोर दंडाला मिठी मारते. ४५-७० सुद्धा मग सोसवते.

सुरुवात ५० यार्डांवरून करा. ४४-४० ची गोळी जड आणि संथ, १०० यार्डांनंतर झपाट्याने खाली येते. मागच्या नेमाची पायऱ्यांची पट्टी त्यासाठीच आहे. चाप दाबला आणि नुसती टिक झाली तर नळी लक्ष्याकडेच ठेवून पूर्ण एक मिनिट थांबा, मगच लिव्हर उघडा. आणि सोबत भरलेली रायफल घेऊन चालायचं नाही. चेंबर रिकामं असू द्या.

ज्यांना माणसांत मिसळून चालवायचं आहे त्यांनी काउबॉय ॲक्शन शूटिंगच्या (काउबॉय काळातल्या धाटणीच्या बंदुकांनी खेळायच्या नेमबाजीच्या) स्थानिक क्लबात जावं. तिथे बहुतेक रायफली लिव्हरच्याच, गोळ्या शिशाच्या, आणि नव्या माणसाला आपली रायफल हातात देणारी मंडळी भरपूर.

त्याच संध्याकाळी

काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते. रात्रभर ठेवली तर सकाळी नळीत गंज दिसतो. घरी पोचल्यावर चहाच्या आधी गरम पाणी आणि थोडा साबण, भिजवलेली कापडं नळीतून फिरवा, ती पांढरी निघेपर्यंत. मग कोरडं कापड, मग तेल. विंचेस्टर साफ करावी लागते ती नळीच्या तोंडाकडून, म्हणून गज तोंडाच्या कडेला घासू नये यासाठी पितळी मार्गदर्शक टोपी लावा. नळीचं तोंड झिजलं की नेम गेला. मार्लिनचा लिव्हरचा एकच स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट बाहेर येतात आणि मागून साफ करता येतं. या एका सोयीसाठी मी काळ्या दारूच्या दिवशी पुष्कळदा मार्लिनच नेतो.

पितळी पुंगळ्याही त्याच पाण्यात टाका, नाहीतर हिरव्या पडतात. दस्त्याला वर्षातून एकदा दोन थेंब जवसाचं तेल तळहाताने चोळून लावतो, तेही खंडेनवमीला, पूजेआधी. लोखंडी भागांवर हळद-कुंकवाचं बोट मात्र लावत नाही. कुंकू ओलं असतं आणि त्याखाली डाग पडतो. फूल शेजारी ठेवतो.

कपाटात ठेवताना नळीचं तोंड खाली. तेल वरून ओघळून दस्त्याच्या मानेत मुरलं तर तिथलं लाकूड काळं पडून मऊ होतं, आणि ते परत कडक होत नाही.